शेजारचं बांधकाम

भिंतीपलीकडून लेकाचा, सिद्धलिंगचा आवाज आला तेव्हा निंगव्वाच्या हाताखाली त्या दुपारची चाळिसावी भाकरी फिरत होती. "सॉरी, सॉरी," तो कुणाला तरी म्हणाला, "शेजारी बांधकाम चालू आहे." मग हसला. पलीकडून, त्या कॉम्प्युटरातूनही कुणीतरी हसलं, आणि त्यांचं इंग्रजी पुन्हा सुरू झालं. निंगव्वाचा हात थांबला. थांबल्या हाताखाली ज्वारीचं पीठ लगेच धरतं. भाकरी लाकडी काटवटीला चिकटली, उचलायला गेली तर कडेला फाटली. चुलीपाशी बसून मथुराबाई तव्यावरची भाकरी फडक्यानं दाबत होती, तिनं वर बघितलं. "काय ओ अक्का, थांबला का?" "काय न्हाय," निंगव्वा म्हणाली, "शेजारी बांधकाम कुटं चालू हाय ते बगत होते." मथुराबाईनं बिचारीनं मान लांब करून मागच्या खिडकीतून बघितलंसुद्धा. एका बाजूला बंद पडलेली पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला कुलूप लावलेलं घर. बाळीवेशीतल्या त्या बोळात सहा वर्षांत कुणी वीट हलवली नव्हती. "न्हाय की कुटं," मथुराबाई म्हणाली. "हाय," निंगव्वा म्हणाली, "तुला दिसत न्हाय." फाटलेली भाकरी तिनं गोळा करून पुन्हा मळायला घेतली. त्या दिवशी अजून साठ व्हायच्या होत्या, त्या झाल्या. पण प्रत्येक थापेला तिला वाटत राहिलं की हा आवाज आपला नव्हे, शेजारच्या कुणाचा तरी आहे, आणि तो शेजारी कोण ते आपल्याला माहीत नाही.

लाज वाटून तो तसं बोलला असता तर निंगव्वाला बरं वाटलं असतं. लाज तिच्या ओळखीची होती. शाळेच्या गॅदरिंगला धुराचा वास येणारं लुगडं नेसून आलीस म्हणून सहावीतला हाच सिद्धलिंग तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसला होता, आणि घरी आल्यावर तिनं त्याला उलथन्यानं मारलं होतं. मारून काढता येईल अशी ती लाज होती. ही तसली नव्हती. तो विचार करून बोलला नव्हता. कपाळावरचा घाम पुसावा तसं बोलला आणि पुढच्या कामाला लागला. पूर्वीही एकदा तिनं असंच भिंतीआडून ऐकलं होतं. जनगणनेचे गुरुजी ओट्यावर बसून मोठ्या कागदावर लिहीत होते, आणि त्यांच्यासमोर तिचा नवरा गुरुसिद्धप्पा मांडी घालून बसला होता. अडत दुकानातली त्याची दिवाणजीची नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, तरी त्यानं स्वतःपुढं दिवाणजी असंच लिहून घेतलं. "आणि मंडळी काय करतात?" गुरुजींनी विचारलं. "ती काय करनार? काही नाही. घरीच असते." आत निंगव्वा पाऊणशे भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधत होती. सात रस्त्याच्या खानावळीचा माणूस सायकल घेऊन यायची वेळ झाली होती. तिच्या मनात आलं, बाहेर जावं आणि ती चवड त्या कागदावर नेऊन ठेवावी, म्हणजे गुरुजींना लिहायला जागाच राहणार नाही. गेली नाही. चहा पाठवला. जाताना गुरुजी दारातून म्हणाले, वैनी, भाकरीचा वास लई झकास सुटलाय हं. गुरुसिद्धप्पाला जाऊन नऊ वर्षं झाली, गुरुजींचा चेहरा तर तिला आठवतही नाही. नवऱ्याचं ते वाक्य मात्र तिनं मिरचीच्या देठासारखं खुडून बाजूला ठेवलं होतं, आणि आज ते सुकलेलं नव्हतं.

करोनात सिद्धलिंग पुण्याहून आला तो दोन बॅगा आणि बायको घेऊन, महिनाभरासाठी म्हणून. महिन्याची वर्षं झाली. आधी तो पाटावर कॉम्प्युटर ठेवून बसायचा, मग पलंगावर, मग मधल्या खोलीत एक टेबल आलं, टेबलाला दिवा आला, कानाला तसराळं लावल्यासारखं ते हेडफोन आलं. बोळातल्या बायका बघायला यायच्या, नवी म्हैस बघायला याव्यात तशा. "घरात बसून काम करतंय म्हनं लेकरू?" "व्हय की," निंगव्वा सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची, हे तिनं पुढं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. घरात बसून काम. ह्यात बघायला येण्यासारखं काय होतं? त्याच भिंतीच्या अलीकडं एकतीस वर्षं ती दुसरं काय करत होती? पण तिच्या कामाला दार नव्हतं. ती थापायला बसली की पोरं पाटी घेऊन त्याच खोलीत बसत, गुरुसिद्धप्पाकडं कुणी आलं की तो हाक मारी, आणि पीठ लागलेल्या हातानं उठून ती चहा टाकी. दूधवाला, लाइटबिलवाला, जंगमस्वामी, सगळे तिच्या कामाच्या मधून चालत जात. सिद्धलिंग कामाला बसला की दार लागायचं. काव्या, तिची सून, ओठावर बोट ठेवून घरभर फिरायची. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, ते त्याच्या मीटिंगच्या वेळेला आलं तर मोटर लावायची नाही, बादलीनं भरायचं. कुकर लावायचा नाही. खोकला आला तर परसात जाऊन खोकायचं. निंगव्वानं हे सगळं केलं. कामाला असा मान असतो हे तिला पटत होतं. हा मान कुणाला कुणी दिला होता एवढंच तिला कळत नव्हतं, आणि आपण कधी मागितला नाही म्हणून मिळाला नाही का, हे विचारावं असं माणूस घरात नव्हतं.

मागून घेणं तिला माहीतच नव्हतं, आणि तो काही एकट्या तिचा दोष नव्हता. मैंदर्गीला तिच्या माहेरी कुठलीही गोष्ट तीनदा व्हायची. जेवता का, विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, ते वळण म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको, आता समोरचा किती मनापासून म्हणतोय ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की पाट ओढून घ्यायचा. देण्याचंही तसंच. कुणी आपलं काही देऊ केलं तर दोनदा हात मागं घ्यायचा आणि तिसऱ्यांदा पदर पुढं करायचा. आणि रागानं कुणी म्हणालं, घ्या, सगळं तुम्हीच घ्या, मला नेऊन टाका कुठंतरी, तर ते घ्यायचं नसतं. ते म्हणजे नुसतं दार वाजवणं असतं, आतल्यानं उठून यावं म्हणून. लग्न होऊन ती सोलापुरात आली त्याच वर्षी सासू एकदा अशीच भडकली होती. "घे बाई, ही काटवट घे, चूल घे, आता तूच चालव घर, मी जाते मठात." एकोणीस वर्षांची निंगव्वा पिठाच्या हातांनी तिच्या पाया पडली होती. दोन दिवसांनी सासू पुन्हा तेच म्हणाली, पण आवाज उतरलेला होता. निंगव्वा तेव्हाही नको म्हणाली. तिसऱ्यांदा सासूनं काही न बोलता काटवट तिच्यापुढं सरकवली, आणि ती तिनं घेतली. बाभळीच्या एका खोडातून कोरलेली, मधे हाताच्या घावांनी खोल गेलेली काटवट. सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि एकदाही तिला हात लावला नाही. कुणी शिकवलेलं नव्हतं हे. श्वास घ्यायला कोण शिकवतं?

त्या बांधकामाच्या वाक्यानंतर दोन दिवस निंगव्वा घरात कमी बोलली, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सिद्धलिंगनंच विषय काढला. "अव्वा, दुपारी तीन ते सहा तेवढं थापू नको की. माझे बाहेरचे कॉल असतात." "मग कवा थापू?" "सकाळी थाप." "सकाळी तुमचं खानं, धुनं, पानी कोन करतं? ते बी शेजारचेच करत्यात का?" त्याला काही कळलं नाही. त्यानं भाताचं आळं केलं, त्यात आमटी ओतली, आणि जरा थांबून म्हणाला, "न्हायतर असं केलं तर? मागची खोली मला दिली तर? मोठी आहे, बाजूला आहे, रस्त्याचा आवाज येत नाही. नीट ऑफिस करून घेतो एकदाचं. तुझं वर गच्चीत गॅसवर होईल की." निंगव्वानं हातातला घास ताटात ठेवला. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर कदाचित बरं झालं असतं. "घे की," ती म्हणाली. "खोलीच कशाला, घरच घे. चूल फोड, काटवट घंटागाडीत टाक, अन् मला नेऊन मठात बसीव. एवीतेवी माझं हितं काम तरी काय हाय? मी घरीच असते."

शेवटचे ते शब्द तिनं वीस वर्षं जपून ठेवले होते, आणि आज ते ताटाशेजारी ठेवताना तिला वाटलं होतं, आता घर हलेल. आता हा म्हणेल, असं काय बोलतीस अव्वा. म्हणेल, राहू दे, मी दुसरं काहीतरी बघतो. मग ती दोनदा म्हणेल, नाही, घेच. आणि तिसऱ्यांदा त्यानं तिच्याजवळ येऊन बसावं. मग ती खरंच दिली असती खोली. दिलीच असती. लेकराच्या पोटापेक्षा चूल मोठी होती का? पण सिद्धलिंगच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी पसरलं. "खरंच अव्वा? मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील. थँक्यू." आणि बायकोकडं वळून, "बघ, मी म्हणत नव्हतो? उगंच घाबरत होतीस." तेवढ्याशानं तो सुखानं जेवायला लागला. दहा वर्षं पुण्यात राहून ह्याच्या कानाला काय झालं होतं कुणास ठाऊक. शब्द ऐकू येत होते, माणूस ऐकू येत नव्हता. निंगव्वानं काव्याकडं बघितलं. काव्या अक्कलकोटकडची. तिच्या घरात बाया अशाच बोलतात, तिच्या आईनं मुलगी देताना भर मांडवात असलाच एक टोमणा मारला होता आणि निंगव्वानं तो तिथल्या तिथं परतवला होता. काव्याला कळलं होतं. तिच्या पापण्या एकदा वर आल्या, दोघींची नजर भेटली, त्या नजरेत सगळं होतं, खोली, चूल, मठ, सगळं, आणि मग काव्यानं डाव हातात घेतला आणि नवऱ्याला विचारलं, "आमटी वाढू?" निंगव्वानं मुलाला त्या रात्रीच अर्धं माफ करून टाकलं. न कळणाऱ्यावर राग धरून काय करायचं. त्या डावातल्या आमटीला मात्र तिनं कधी माफ केलं नाही.

बार्शीचा बिभीषण सुतार टेप घेऊन आला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. एक शब्द होता, नको. निंगव्वा चुलीपाशी बसली होती, आणि तो माणूस तिच्या डोक्यावरून टेप ताणून भिंत मोजत होता, "मावशी, जरा पाय घ्या" म्हणत होता. तिनं पाय घेतला. ती वाट बघत होती, अजून दोन वेळा बाकी आहेत म्हणून. सिद्धलिंग दारात येऊन म्हणाला, "अव्वा, तुला चालेल ना सोमवारी काम चालू केलं तर?" तर ते विचारणं होतं का? ते सोमवारबद्दल होतं. ती म्हणाली, "सोमवार चांगला हाय, शिवाचा वार हाय," आणि तोही टोमणा त्यानं मुहूर्त म्हणून घेतला. मथुराबाईला तिनं सांगितलं, आठ दिवस येऊ नको. "का ओ अक्का?" "हितं आफिस व्हनार हाय." "कुनाचं?" "ज्याचं घर त्येचं." मथुराबाई पंधरा वर्षं त्या चुलीपाशी बसत होती. तिनं आपलं दाबायचं फडकं धुऊन, पिळून, घडी करून कोनाड्यात ठेवलं, आठ दिवसांनी लागेल म्हणून.

सोमवारी सकाळीच निंगव्वा मठात जाऊन बसली. मठ दोन बोळ सोडून होता. समोर स्वामी काहीतरी सांगत होते, बाया टाळ्या वाजवत होत्या, आणि ती कान देऊन ऐकत होती. अकराच्या सुमाराला घण पडायला लागला. आता खरंच बांधकाम चालू होतं, आणि ते ऐकून कुणी हसत नव्हतं. चूल तिनं स्वतः घातली होती, तिसऱ्यांदा घातलेली. गाळाची माती, घोड्याची लीद, राख, आणि ओली असताना मागच्या वैलाला आतून अंगठ्यानं दिलेला एक दाब, तव्यावरून उतरलेली भाकरी तिथं टेकवली की एका बाजूनं करपू नये म्हणून. तो अंगठा कुठल्या घावाला गेला असेल? तिसऱ्या, चौथ्या? ती प्रसादालाही थांबली. बायांनी आग्रह केला, तीनदा केला, म्हणून जेवली सुद्धा. घरी आली तेव्हा दारात सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत चुलीची माती भरून ठेवलेली होती, उद्या घंटागाडी येईल म्हणून. निंगव्वानं पिशवी ओढायला घेतली. काव्या धावत आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. "अत्ती, द्या, मी घेते." "साकु," निंगव्वा म्हणाली. पुरे. काव्यानं हात काढून घेतला. दारातल्या कण्हेरीच्या मुळाशी तिनं माती ओतली, ढेकळं हातानं फोडली, आणि वर पाणी घातलं. पाण्याचा दिवस नव्हता, पिण्याच्या कळशीतलं घातलं.

ऑफिस छान झालं, कुणीही म्हटलं असतं. जमिनीला फरशी, खिडकीला जाड पडदा, काचेचं दार, एसी. भिंतीला करड्या रंगाचे स्पंजाचे तुकडे, आवाज पिऊन टाकणारे. छताला तीन हात पांढरा रंग दिला तरी एकतीस वर्षांची काजळी आठ दिवसांत खालून वर आली, पिवळी, मग तपकिरी. बिभीषणनं त्याच्याखाली दुसरं छत घातलं. चुलीच्या जागेवर टेबल आलं आणि टेबलाखाली सिद्धलिंगचे पाय, मोजे घातलेले. चुलीला पाय लागला तर आपण हात जोडतो हे निंगव्वाच्या तोंडावर आलं होतं. पण चूल कुठं होती? आणि काटवट काव्यानं टाकू दिली नाही. "टाकायची कशाला अत्ती, किती छान लाकूड आहे." तिला घासून, पॉलिश मारून, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उभी टांगली आणि शेजारी कुंडीत एक वेल सोडला, म्हणजे कॉम्प्युटरात सिद्धलिंगच्या खांद्यामागं ती दिसावी. चहा घेऊन आत गेलेली निंगव्वा एकदा दारात होती तेव्हा पलीकडच्या बाईनं ती बघून काहीतरी कौतुकाचं विचारलं, आणि तो मराठीतच म्हणाला, "माझ्या आजीची आहे. शंभर वर्षं जुनी असेल." खोटं नव्हतं ते. सासूचीच होती. मधली एकतीस वर्षं तेवढी गेली होती.

गच्चीतलं काही जमलं नाही. गॅसच्या आचेवर भाकरी भाजते, कडक होत नाही. वैल नाही, निखाऱ्यांचा आर नाही, वारा ज्योत पळवतो. एप्रिलात गच्ची तव्यासारखीच तापली. वर थापलेलं खाली ऐकू येत नाही ना, हे सिद्धलिंगनं स्वतः येऊन खात्री करून घेतलं, आणि खुशीनं म्हणाला, "काही म्हणजे काही येत नाही अव्वा, तू बिनधास्त थाप." पण नरम पडलेल्या भाकऱ्या खानावळीनं दोनदा परत पाठवल्या, तिसऱ्यांदा माणूसच पाठवला नाही. मथुराबाई होटगी रस्त्याला मशीनवर कडक भाकऱ्या करतात तिथं लागली. एकदा बाजारात भेटली तर निंगव्वानं विचारलं, "मशीन कसं थापतं गं?" "थापत न्हाय अक्का," मथुराबाई म्हणाली, "दाबतं. आमी निस्त्या पिशवीत भरायच्या." मग हलकेच, "माजं फडकं हाय का ओ कोनाड्यात?" निंगव्वानं हाय म्हणून सांगितलं. कोनाडा बुजवून सहा महिने झाले होते.

आणि मग परवाच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपून गावातले पाळणे उतरत होते त्या आठवड्यात, निंगव्वा चहा घेऊन काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. आत सिद्धलिंग बोलत होता. आवाज येत नव्हता. त्या खोलीतून आता काहीच बाहेर येत नसे. पण त्याचे हात दिसत होते. तो मागच्या भिंतीकडं हात करून काही दाखवत होता, टेबल, एसी, दिवा, सगळीकडं हात करत होता, हे सगळं मी करून घेतलंय असं सांगावं तसं. आणि कॉम्प्युटरातला माणूस नाही म्हणून मान हलवत असावा, कारण हळूहळू सिद्धलिंगचे हात खाली आले. कानातलं काढून तो नुसता बसून राहिला. जागा सोड म्हणून सांगितलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते निंगव्वाला कुणी सांगायला नको होतं. तिला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला आनंद होईल. चहावर साय धरेपर्यंत ती त्या आनंदाची वाट बघत उभी राहिली. तो आला, नाही असं नाही. पण जिभेला लागेपर्यंत कडू झाला होता.

"सगळ्यांना परत बोलावलंय," जेवताना तो म्हणाला. "आठवड्याचे पाचही दिवस. एक तारखेच्या आत पुण्याला जावं लागणार. एवढं सगळं केलं हितं, एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी." निंगव्वानं त्याच्याकडं बघितलं. तो खरंच दुखावलेला होता, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलेलं नव्हतं. ताटात त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "अव्वा, आम्ही गेल्यावर खोली रिकामीच पडणार. तू परत तुझं भाकरीचं चालू कर की."

निंगव्वानं घास तोंडात घातला. चूल उद्या घालता येते. माती आहे, कण्हेरीच्या मुळाशी, तिनं ती कुणाला नेऊ दिलेली नाही. फरशीवर विटा मांडायच्या, काच काढायची, मथुराबाईला निरोप धाडायचा. काटवट तर भिंतीवर समोर टांगलेली. हे सगळं घास गिळायच्या आत तिच्या डोळ्यापुढनं गेलं. आणि तोंड म्हणालं, "आता कशाला? हात गेले माझे." पहिलं नको. वळणाचं.

"बरं," सिद्धलिंग म्हणाला. "एसी तेवढा आठवड्यातून एकदा लावत जा. न्हायतर बिघडतो." त्यानं ताटात हात धुतला आणि उठला.

राहिली काव्या. ती भांडी गोळा करत होती, थांबली, आणि खाली मान घालून म्हणाली, "पण अत्ती, मथुराबाईला बोलावून घेतलं तर… थोड्याच करायच्या. मी बोलू का तिच्याशी?" हे दुसरं होतं. काव्याला ठाऊक होतं की हे दुसरं आहे, आणि तिनं ते मोजून, जाणून, त्या आमटीच्या डावाची परतफेड म्हणून पुढं केलं होतं. अजून एकदा विचारलं असतं तर झालं असतं. निंगव्वानं दुसरं नको नुसतं म्हणायचं होतं, हळू, जागा ठेवून. पण ज्या हातानं तेव्हा आमटी वाढली त्याच हातानं आता चूल घ्यायची? ती पितळी उचलून उठली. "तू पुन्याला जा बाई," ती म्हणाली, "पुन्याला मथुराबाया लई मिळत्यात." काव्याचा चेहरा मिटला. तिसऱ्यांदा विचारायला कुणी उरलं नाही.

दोघं पुण्याला गेल्यावर चार दिवसांनी निंगव्वा त्या खोलीत गेली, एसी लावायचा म्हणून. दार आपोआप मिटलं. खुर्चीवर बसली तर खुर्ची फिरली, म्हणून उतरून टेबलाशी उभी राहिली. काटवट भिंतीवर चकाकत होती. पॉलिश मारलेल्या लाकडाला पीठ धरत नाही. टेबलाच्या गुळगुळीत पत्र्यासारख्या पाठीवर तिनं तळहात टेकला आणि एक थाप मारली. आवाज झाला आणि लगेच गेला, कुणीतरी उचलून नेल्यासारखा. दुसरी मारली. तीही गेली. पूर्वी थाप मारली की भिंत तिला परत द्यायची, त्यावरनंच तिला कळायचं पीठ जुनं आहे का, हात जड पडलाय का. ही खोली काही परत देत नव्हती. तळहात उलटा करून तिनं बघितला. वर्षानुवर्षांचे घट्टे गेले होते. मऊ, गुलाबी, कुणा बसून खाणाऱ्या बाईचा असावा तसा हात.

मार्चमध्ये कसली तरी पाहणी करणारी मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात मोठा फोन. ओट्यावर बसून घाम पुसत तिनं घराच्या खोल्या, नळ, गॅस सगळं विचारून घेतलं. "घरात कोण कोण असतं आजी?" "मीच." "आणि तुम्ही काय करता?"

ओट्यावर तिच्या वतीनं बोलायला आज कुणी नव्हतं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला, तिच्या तोंडावर, कुणी विचारलेला नव्हता. उत्तर तिच्याकडं तयार होतं, भिंतीआड बसून घोटून घोटून तयार केलेलं. दिवसाला शंभर, सणाला दीडशे, खानावळी, पुण्या-मुंबईला जाणारी गाठोडी, एक लेक इंजिनिअर, ही मागची खोली, हा ओटासुद्धा, बाई, ज्यावर तू बसलीस. पण ते सगळं मागचं होतं, आणि मुलगी आजचं विचारत होती. निंगव्वानं हात पदराखाली घेतले. "मी काय करनार," ती म्हणाली.

मुलीचं बोट फोनवर थांबलं. चांगल्या वळणाची होती, कुठल्या तरी खेड्यातनं आलेली असावी. मान तिरकी करून तिनं पुन्हा विचारलं, "तरीपन आजी, काहीतरी करत असाल की?"

निंगव्वानं तिच्याकडं बघितलं. आत ती काचेची खोली गार होऊन बसली होती, शुक्रवार होता, एसी लावलेला होता. मग तिच्या तोंडातून गुरुसिद्धप्पाचा आवाज आला, तोच, ओट्यावरचा, जरा घाईचा.

"काही नाही. घरीच असते."

ती वाट बघत राहिली. मुलीनं फोनच्या काचेवर एकदा बोट टेकवलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.